रिकाम्या गाडीचा फोटो

डिसेंबर लागला की आमच्या कार्यालयात दोन गोष्टी एकदम येतात, थंडी आणि विधानसभा. थंडीवर स्वेटर चालतो. विधानसभेवर मी चालतो.

मी वर्ध्यात एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कोणत्या ते सांगणार नाही, कारण मला अजून निवृत्त व्हायचं आहे आणि तेही सुखरूप. शाळांचे कागद माझ्या टेबलावर येतात, एवढं तुम्हाला पुरे. राहतो बोरगाव मेघेला, कार्यालयात स्कूटरवर येतो. वर्षभर माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, पण नागपूरला अधिवेशन भरलं की साहेब मला ‘अहो जरा बसा’ म्हणतात आणि माझा चहा माझ्याआधी टेबलावर पोचतो. मला हे फार आवडतं. खोटं कशाला बोलू?

त्याचं असं होतं की नागपूरला एखादा आमदार प्रश्न विचारतो. तो प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि तालुक्यात जिथून आणखी खाली ढकलायला जागा उरत नाही, तिथे मी बसलेला असतो. मी माहिती लिहितो. मग ती माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिची थोडी साल काढतो. शेवटी सभागृहात पोचतो तो गर असतो की नुसती बी, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

या प्रश्नांचा साचा म्हणजे तीन अंकी नाटक. पहिला अंक : अमुक झालेलं आहे, हे खरे आहे काय? दुसरा : असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? तिसरा : नसल्यास, विलंबाची कारणे काय? पहिल्याच अंकाला ‘हे खरे नाही’ असं लिहिता आलं, की पुढच्या दोन्ही अंकांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून पडदा पाडता येतो. त्यामुळे सगळ्या खात्यांचा जीव त्या पहिल्या अंकात अडकलेला असतो. आता खोटं लिहायचं नाही, हा आमचा नेम. म्हणून मग वस्तुस्थितीच बदलायची. फार नाही, उत्तर वर पोचेपर्यंत टिकेल एवढी.

हे मला माहीत असल्यामुळेच मी संशयी झालो. रस्त्यातला खड्डा अचानक बुजलेला दिसला की मी आधी विचारतो, अधिवेशन सुरू झालं का?

तर त्या मंगळवारी तातडीच्या शिक्क्याचा एक कागद माझ्यासमोर आला. विचारणाऱ्या सहा सदस्यांची नावं होती. त्यातल्या एकाचाही मतदारसंघ आमच्या जिल्ह्यातला नव्हता. एक तर थेट समुद्राकाठचे होते. आणि त्यांना काळजी कशाची पडली होती? आमच्या तालुक्यातल्या एका लहान गावाची. त्या गावाला सकाळी साडेनऊला येणारी बस कित्येक महिन्यांपासून बंद असल्याने आठवी ते दहावीच्या मुलींचं शिक्षण थांबायची वेळ आली आहे, आणि त्याच गाडीने येणाऱ्या आरोग्य सेविका येऊ न शकल्याने उपकेंद्राला कुलूप असतं, हे खरे आहे काय?

मी गावाचं नाव वाचलं आणि कागद हळूच पालथा ठेवला. त्या गावात माझी धाकटी बहीण दिली आहे.

प्रश्नातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. गाव आंजीच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. सातवीपर्यंत शाळा गावात. पुढची शाळा फाट्यापलीकडच्या मोठ्या गावात. संध्याकाळची गाडी सुरू होती, कारण तिच्यात बाजारचे लोक भरून येत. सकाळची मात्र बंद झाली होती. म्हणजे मुलींना शाळेतून घरी आणायला सरकार तयार होतं, शाळेत न्यायला नव्हतं. मुलींना सायकली मिळालेल्या होत्या. पण पावसाळ्यानंतर रस्त्याकडेच्या ओल्या मातीत कोणालातरी वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. वाघ कोणी पाहिला नाही. ठसासुद्धा नीट कोणी पाहिला नाही. पण त्या दिवसापासून सायकली भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

माझी भाची नववीत. तिला तिचे वडील, म्हणजे माझे जावई (आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात), मोटारसायकलवर सोडायचे. कापूस वेचणीला आला आणि त्यांची सकाळ वावरात जाऊ लागली. मग त्यांनी जाहीर केलं, “संक्रांतीपर्यंत पाह्यतो. गाडी सुरू झाली तं झाली. नाई तं पोट्टी घरी राह्यन.” मी म्हटलं होतं, तिला माझ्याकडे ठेवा, बोरगावहून जाईल शाळेत. त्यावर ते फक्त हसले. माझे जावई हसले की समजायचं विषय संपला. ते मनाने वाईट नाहीत. पण त्यांचा कशावरही विश्वास नाही. हवामानाच्या अंदाजावर नाही, बियाण्याच्या पाकिटावर नाही, आणि मेहुण्यावर तर मुळीच नाही.

मी कागद सुलटा केला तोवर साहेब समोर उभे.

“तुमची बहीण त्याच गावची ना?”

“बहीण माझी आहे साहेब, गाव तिच्या नवऱ्याचं आहे.”

“विनोद नको. हा प्रश्न कोणी पाठवला?”

“सहा सन्माननीय सदस्यांनी.”

“त्यांना कोणी सांगितलं? आरोग्य सेविका कोणत्या गाडीने येते, हे समुद्राकाठच्या माणसाला कसं कळलं?”

मी छातीवर हात ठेवला. हा हात मी शाळेच्या नाटकापासून ठेवत आलो आहे, अजून एकदाही वाया गेलेला नाही. म्हणालो, “साहेब, मी एवढा मोठा असतो तर आधी माझी बदली थांबवून घेतली असती.” त्यांना ते पटलं, पण पूर्ण नाही. जाताना त्यांनी माझ्या मोबाईलकडे असं पाहिलं की जणू तोच आमदारांना फोन करतो.

मला बहिणीचा संशय होता. बहिणीला पुढे माझा आला. गावाला आरोग्य सेविकेचा होता आणि आरोग्य सेविकेला शाळेच्या मुख्याध्यापकांचा. प्रश्न नेमका कोणी पाठवला हे आजवर कळलेलं नाही, आणि आता कोणी कबूल केलं तरी आम्ही विश्वास ठेवणार नाही.

उत्तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत वर जायला हवं होतं. मुलींच्या शाळेपुरतं मी लिहायचं, गाडीचं डेपोने, कुलपाचं आरोग्यवाल्यांनी. बुधवारी सकाळी मी मुलींची हजेरी मागवत होतो, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. पोलिसांची धाड पडल्यासारखा तिचा आवाज होता.

“दादा, गाडी आली!”

“कोनती गाडी?”

“साडेनऊची! आपली लाल गाडी!”

मी खुर्चीतच ताठ झालो. “मंग? पोट्ट्या बसल्या का?”

“कोनी नाई बसलं.”

“काऊन?”

“आता काऊन म्हनते! गाडीतून एक मानूस उतरला अन् मोबाईल काढून फोटो काढाले लागला. सारे मांगं सरकले. मी बी सरकली. तुयी भाची पायरीवर चढली होती, तिले तिच्या बापानं खाली ओढली. गाडी पाच मिनिटं उभी राह्यली अन् रिकामी गेली.”

तुम्ही बाहेरचे असाल तर म्हणाल, काय वेडे लोक! महिनोन्महिने गाडी मागतात आणि आली तर बसत नाहीत. पण त्या गावाला फोटोची सवय लागलेली होती. दोन वर्षांपूर्वी तिथे शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. सगळ्या गावाला हातात स्टीलचे पेले देऊन रांगेत उभं केलं, पाणी प्यायला लावलं, फोटो काढले. माझी बहीण पहिल्या रांगेत आहे, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं. गाव तक्रार करायला गेलं की समोरचा माणूस फोटो दाखवायचा, हे बघा, पिताय ना सगळे? तेव्हापासून गावात ठरून गेलं की फोटो निघाला म्हणजे काम संपलं. मोबाईल घेऊन सरकारी माणूस आला की आपण मागे सरकायचं. लसीकरणाच्या कॅम्पातसुद्धा लोक आधी विचारतात, फोटो आधी की सुई आधी?

म्हणून गावाचा हिशोब सरळ होता. भरलेल्या गाडीचा फोटो निघाला, तर ‘गाडी सुरू आहे’ असं वर जाईल आणि परवा गाडी बंद होईल. मग बसायचंच नाही.

हिशोब बरोबर होता. पण अर्धाच. रिकाम्या गाडीचा फोटो काय करतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. त्या फोटोखाली एक ओळ येणार होती, आणि ती मी माझ्या हाताने दुसऱ्या गावांसाठी उतरवून घेतलेली आहे : ‘प्रवाशांच्या प्रतिसादाअभावी फेरी बंद करण्यात आली.’ ही ओळ एकदा वर गेली की मग ती गाडी कोणी मागूही शकत नाही. तुम्हीच बसला नाहीत, असं म्हणतात.

म्हणजे बसलं तरी गाडी जाणार, नाही बसलं तरी जाणार. हे जाळं इतकं सुबक होतं की क्षणभर मला त्याचं कौतुकच वाटलं. मग भाचीला पायरीवरून खाली ओढलेलं डोळ्यांसमोर आलं आणि कौतुक उतरलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी अर्धा दिवस रजा टाकली आणि स्कूटर काढली. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, वस्तुस्थितीची पाहणी. हे शब्द सरकारी असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

गावात पोचलो तेव्हा थांब्यावरच्या पारावर निम्मं गाव बसलेलं होतं. विषय अर्थातच गाडी. बहिणीने उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात मध्ये आणून ठेवली होती आणि शेंगा सोलत सोलत सगळे सरकारलाही सोलत होते. मला पाहून सोलणं थांबलं. मग एक म्हातारेबुवा म्हणाले, “या. तुमी बी फोटो काढता का?”

मी स्कूटर स्टँडवर लावली, दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, मोबाईल काढून बहिणीच्या ओच्यात टाकला. एवढा देखावा केल्यावर मगच बसायला जागा मिळाली.

मी रिकाम्या गाडीच्या फोटोचं सांगितलं. ती ओळ म्हणून दाखवली, अगदी मंत्र्यांच्या आवाजात. जावई शेंगा सोलत होते. मुलीच्या नात्याने तेही मला मामाच म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्द चौकशीसारखा लागतो.

“मामा, एक सांगा. तुमी सरकारचे ना?”

“हाव.”

“मंग सरकारच्या गाडीत आमाले बसवाची तुमाले काऊन घाई झाली?”

“तुमची पोट्टी माही भाची हाये म्हनून.”

“थे तं हायेच. पन आमी बसलो, फोटो निघाला, तुमचं उत्तर मस्त झालं, तुमचे सायेब खूष झाले. मंग परवा गाडी नाई आली तं? तुमी येसान का थे स्कूटर घेऊन पोट्टीले सोडाले?”

मी उत्तरं लिहिणारा माणूस, आयुष्य त्यात गेलं, आणि त्या पारावर मी परातीतल्या शेंगा मोजू लागलो. म्हातारेबुवांनी माझ्यासमोर चार शेंगा सरकवल्या. दया करावी तशा.

तेव्हा मागे उभी असलेली भाची म्हणाली, “मामा, पास असन तं?”

“काय?”

“गाडी होती तवा आमच्यापाशी पास होते. फुकटचे, पोट्ट्याईचे. गाडी बंद झाली, मंग पासावर शिक्काच नाई मिळाला. डेपोतले म्हने, गाडीच नाई तं पास कायचा?” ती थांबली आणि मग तिने तो प्रश्न विचारला. तो विचारायला माझ्या कार्यालयातला एकही माणूस पुढे आला नसता. “मंग डेपोनं पास देल्लाच, तं गाडी नाई असं त्याईले म्हनता येईन का?”

फोटो एका दिवसाचा असतो. पासावर तीन महिन्यांची मुदत असते, डेपोचा गोल शिक्का असतो आणि कुठून कुठवर हे गावाच्या नावासकट लिहिलेलं असतं. फोटोत गाडी रिकामी दिसली तरी पास म्हणतो, हिचे प्रवासी आहेत. फोटोत गाडी भरलेली दिसली तरी पास म्हणतो, परवाही यावं लागेल. सरकारला तोडता येत नाही अशी एकच गोष्ट मी पाहिली आहे, ती म्हणजे सरकारचाच शिक्का.

पुढे कार्यालयात मी ही युक्ती माझी म्हणून सांगितली. इथे खरं लिहितो, ती नववीतल्या मुलीची होती.

“पन डेपो पास देईन काऊन?” जावयांनी विचारलं.

“उद्या देईन,” मी म्हणालो. “फक्त उद्या.”

गुरुवारी काम असं झालं. आठवी ते दहावीच्या सात मुली होत्या. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून त्यांची सही-शिक्क्याची यादी मी सकाळीच मागवली, आणि ती देताना त्यांनी तीनदा विचारलं की हे कोणाच्या विरोधात तर नाही ना. ती घेऊन मी डेपोत गेलो. तिथे पास देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर तोच प्रश्न पडलेला होता, तेच सहा सदस्य. त्यांचे डोळे तारवटलेले होते. शेजारी मोबाईलवर रिकाम्या गाडीचा फोटो उघडा होता आणि तो पाहून ते काही फार आनंदात दिसत नव्हते.

मी यादी समोर ठेवली. ते म्हणाले, “अरे बाप्पा! पास? त्या गाडीचंच अजून पक्कं नाही.”

“साहेब, तुम्ही उत्तरात काय लिहिता आहात?”

“प्रतिसादाअभावी बंद. फोटो आहे ना.”

“म्हणजे बंद होती हे कबूल केलंत. मग दुसरा अंक येतो, कोणती कार्यवाही केली. मग तिसरा, विलंबाची कारणं. आणि सभागृहात कोणी उठून विचारलं की मुलींना विचारलं होतं का, तर?”

त्यांनी कपाळ चोळलं.

“आता हे पाहा,” मी यादीवर बोट ठेवलं आणि आवाज एक पट्टी खाली आणला. “काल गाडी गेली. आज सात मुलींना पास दिले. मग लिहा, फेरी सुरू आहे, विद्यार्थिनींना पास वितरित करण्यात आले आहेत. खरं आहे, सोपं आहे आणि खाली तुमचाच शिक्का आहे.”

त्यांनी यादी उलटसुलट करून पाहिली. “यात काही लफडा तर नाही ना?”

“साहेब, लफडा असता तर मी एवढ्या उघड आलो असतो का?”

हे मी नेहमी म्हणतो. यावर माणसाला काही सुचत नाही. त्यांनी शिक्क्याचं पॅड ओढलं, आणि सात वेळा तो गोल शिक्का टेबलावर आपटला. खरं सांगतो, गेल्या कित्येक वर्षांत इतका सुरेल ठेका मी ऐकलेला नाही.

मुलींच्या शाळेबाबत मी लिहिलं, ‘हे अंशतः खरे आहे.’ फेरी काही काळ बंद असल्याने हजेरी कमी झाली होती, आता सुरू आहे, पास दिले आहेत, सोबत प्रती जोडल्या आहेत. आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. “हे इतकं खरं कशाला लिहिलं?” असं विचारलं. पाचला पाच मिनिटं कमी असल्यामुळे सही केली.

आणि सभागृहात काय झालं? काहीच नाही. आमच्या प्रश्नाच्या दिवशी भलत्याच विषयावर गोंधळ झाला, प्रश्नोत्तराचा तास त्यातच संपला आणि आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. उत्तर लेखी म्हणून छापलं गेलं. सहा सन्माननीय सदस्यांपैकी कोणी ते वाचलं असेल, असं मला वाटत नाही. समुद्राकाठच्यांनी तर नक्कीच नाही.

अधिवेशन संपेपर्यंत गाडी रोज येत होती, मुली तिने शाळेत जातही होत्या. पण मुलींच्या शाळेचा निकाल त्या दिवसांत लागणार नव्हता, हे गावाला आणि मला सारखंच माहीत होतं. खरी परीक्षा अधिवेशन उठल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी होती. प्रश्न संपला, उत्तर संपलं, आता कोणाला भीती उरली होती?

मी त्या सोमवारी रजा घेतली. साडेनऊच्या आधीच थांब्यावर हजर झालो. सातही मुली दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या. पास प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोरीने गळ्यात अडकवले होते. पारावर गाव पुन्हा भरलं होतं, पण शेंगा नव्हत्या.

साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. रस्त्यावर धुकं होतं. जावई माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मामा, तुमच्या सरकारचं घड्याळ नागपूरलेच राह्यलं वाटते.”

“येईन.”

“कोन म्हनते?”

“मी म्हन्तो.”

“मंग झालं.”

बहीण म्हणाली, “तुमी दोघं बी चूप बसा ना जरा.” भाची गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

दहाला पाच कमी असताना धुक्यातून दिवे दिसले. आणि मग लाल गाडी. तिच्यातून आधी आरोग्य सेविका उतरल्या, खांद्याला वजनकाट्याची पिशवी. मागून कंडक्टर. गावाने आधी त्याचे हात पाहिले. मोबाईल नव्हता, नुसतं तिकिटाचं मशीन होतं. म्हातारेबुवांनी विचारलं, “आज काऊन आली?”

“काऊन म्हनजे?” कंडक्टर वैतागला. “पासवाल्या पोट्ट्या हायेत ना इथं? डेपोत यादी लावून ठेवली भिंतीले. न्या नाई तं अर्ज येईन म्हनते सायेब. चला लवकर, धुक्यानं आधीच उशीर झाला.”

मुली चढल्या. आणि त्यांच्यामागोमाग जावईही चढले.

“अहो, तुमी कुठी?” बहीण ओरडली. “कापूस?”

“अधिवेशन तं उठलं. ही गाडी आता फाट्यावरूनच पलटली तं?” ते खिडकीतून म्हणाले. “पाहून येतो. शाळेपर्यंत जाते का नाई.” त्यांनी पूर्ण तिकीट काढलं, मुलीच्या मागच्याच सीटवर बसले, आणि गाडी गेली.

पुढचं मला बहिणीने आणि भाचीने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गाडी फाट्यावरून पलटली नाही. ती शाळेच्या दारातच थांबली. जावयांना परतायला संध्याकाळपर्यंत गाडी नव्हती, हे त्यांना उतरल्यावर लक्षात आलं. मग ते दिवसभर शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून राहिले. मुख्याध्यापकांनी चहा पाठवला, तर त्यांनी आधी विचारलं की कशाबद्दल. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी भाचीला विचारलं, तुझे बाबा आजारी आहेत का? दुपारी जावयांनी खिडकीतून वर्गात डोकावून पाहिलं, मास्तर खरंच शिकवतात का ते. मास्तरांनी घाबरून फळ्यावरचं गणित दोनदा सोडवलं.

संध्याकाळी गाडी सातही मुलींना आणि एका शेतकऱ्याला घेऊन गावात परत आली. मी अजून तिथेच होतो. बहिणीने मला सोडलंच नव्हतं. भाची खाली उतरली, तिचा चेहरा लालबुंद झाला होता. वडील उतरेपर्यंत ती थांबली आणि सगळ्या पारासमोर म्हणाली, “बाबा, उद्या तुमी गाडीत आले ना, तं मीच शाळेत जानार नाई. सांगून ठेवते.”

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, वळत असलेल्या गाडीकडे पाहिलं. ती गेल्यावर मागे थोडी धूळ उरली होती, तिकडेही पाहिलं.

“नाई येत,” ते म्हणाले. “उद्या मले कापूस हाये.”

मग घराकडे चालू लागले. मुलीचं दप्तर त्यांनी तिच्या पाठीवरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, आणि चालता चालता ते तिला विचारत होते की त्या मास्तरने तेच गणित दोनदा काऊन सोडवलं.